वाट चुकणे हाच खेळ असेल तर? : वाचकांचे प्रश्न

व्हिडिओ गेम घडवणाऱ्याने आपल्या मनातल्या कलाकृतीशी प्रामाणिक राहावे की खेळणाऱ्यांच्या अपेक्षांचा मान राखावा, या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र तीन वर्षांपासून एक छोटा गेम तयार करत आहोत. त्यात नकाशा नाही, दिशा दाखवणारा बाण नाही, पुढे काय करायचे हे सांगणारी पाटी नाही. धुक्यात वाट चुकणे आणि चुकता चुकता ती जागा आपल्या ओळखीची होणे, हाच आमच्या गेमचा गाभा आहे. डेमो खेळायला दिला तेव्हा बहुतेकांनी एकच मागणी केली : नकाशा द्या. जोडीदार म्हणतो, देऊन टाकू. मला वाटते, नकाशा दिला की आमचा गेम उरतच नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : तुम्हाला सल्ला देण्यापूर्वी मला एक माहिती हवी होती आणि नेमकी तीच तुमच्या पत्रात नाही. नकाशा मागणारा खेळाडू ती मागणी करण्याच्या आधीची दहा मिनिटे काय करत होता? तो काय म्हणाला हे तुम्ही टिपून घेतले आहे. त्याने काय केले हे टिपलेले दिसत नाही. आपल्याला कुठे टोचते आहे हे खेळाडू अचूक सांगतो, कारण टोचते त्यालाच. त्यावरचा उपाय मात्र तो आजवर खेळलेल्या इतर गेममधून उचलून सांगतो, आणि म्हणूनच तो उपाय बहुधा नकाशा, बाण किंवा सोपी पातळी यांपैकीच एखादा असतो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम २००४ मध्ये प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याच्या चाचणीच्या काळात घडलेली गोष्ट या क्षेत्रात वारंवार सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. लोकांनी सलग तासन्‌तास खेळत बसू नये म्हणून, ठरावीक वेळेनंतर मिळणारे अनुभवगुण (खेळातल्या पात्राची ताकद वाढवणारे गुण) कमी व्हावेत असा नियम तो घडवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने केला होता. खेळाडू चिडले आणि नियम रद्द करा म्हणू लागले. डिझायनरांनी नियम रद्द केला नाही. त्यांनी कमी झालेल्या गुणांनाच नेहमीचे गुण ठरवले आणि सुरुवातीच्या वाढीव गुणांना विश्रांती घेऊन आलेल्या खेळाडूचे बक्षीस म्हटले. हिशेब जवळजवळ तोच राहिला आणि तक्रार मिटली. मागणी शब्दशः मान्य केली असती तर नियमामागचा हेतू गेला असता, आणि मागणी धुडकावून लावली असती तर खेळाडू गेले असते.

असा तिसरा मार्ग सापडण्यासाठी खेळाडूकडे पाहावे लागते, आणि पाहणे हे ऐकण्यापेक्षा फार जड जाते. व्हॉल्व्ह या कंपनीने हाफ-लाइफ हा आपला पहिला गेम १९९७ मध्ये जवळजवळ पूर्ण झालेला असताना बाजूला ठेवला आणि पुन्हा नव्याने रचला. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये तो बाहेर पडेपर्यंत त्यांनी दोनशेहून अधिक वेळा खेळाडूंना समोर बसवून प्लेटेस्टिंग केले होते. ज्यांनी गेमची ती लेव्हल, म्हणजे तो टप्पा, रचली तेच खेळाडूच्या मागे बसत आणि त्यांना बोलण्याची परवानगी नसे. आपल्याला दिवसासारखे स्वच्छ दिसणारे कोडे एखादा माणूस वीस वीस मिनिटे चाचपडतो आहे आणि आपण तोंडातून शब्द काढायचा नाही, ही शिक्षा एकदा भोगली की लेव्हलवरचे अनेक वाद आपोआप संपतात. तुम्ही दोघांनीही ती भोगून पाहावी, असे मी सुचवेन.

पाहिल्यावर कधी कधी असेही लक्षात येते की खेळाडू आपल्या कल्पनेच्या अगदी उलट वागत आहेत. २०१२ च्या जर्नी या गेममध्ये दोन अनोळखी माणसे, नाव न कळता आणि शब्द न बोलता, एका वाळवंटातून सोबत चालतात. तो घडवणारे जेनोवा चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांच्यात आपुलकी निर्माण करायची होती. सुरुवातीच्या आवृत्तीत खेळाडूंना एकमेकांना ढकलता येत असे, म्हणजे अडलेल्याला हात देता येईल. प्रत्यक्षात लोक एकमेकांना संकटात ढकलून देऊ लागले. खेळाडूंना उपदेश करून उपयोग नव्हता आणि माणसे अशीच असतात म्हणून कल्पना सोडून देण्याचेही कारण नव्हते. संघाने ढकलण्याची सोयच काढून टाकली आणि दोघे जवळ आले की दोघांचीही उडण्याची शक्ती भरून येईल असे केले. त्यानंतर लोक एकमेकांना बिलगून चालू लागले. स्वतःची कल्पना शाबूत ठेवून प्रेक्षकाचे ऐकणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता तुमच्या धुक्याकडे वळू. वाट चुकलेल्या माणसाच्या दोन अवस्था असतात. एकीत त्याला आपण काहीतरी ओळखू लागलो आहोत असे वाटत असते; दुसरीत तोच दगड तिसऱ्यांदा समोर येतो आणि तो तोच आहे की नाही, हेदेखील त्याला कळत नाही. पहिली अवस्था तुमचा गेम आहे आणि दुसरी तुमची चूक आहे, मग तुम्ही तिला गाभा म्हणा की आणखी काही. खेळाडू दुसऱ्या अवस्थेत अडकत असतील, तर प्रत्येक दगड वेगळा करा, पाण्याचा आवाज एकाच दिशेने येऊ द्या, एखादे वठलेले झाड लांबूनही ओळखू येईल असे ठेवा. हे सगळे करून पुन्हा दहा जणांना खेळायला बसवा. नकाशाची मागणी निम्म्यावर आली तर तुमचे उत्तर तुम्हाला मिळाले. उरलेल्यांपैकी काही जण तरीही नकाशा मागतील, कारण त्यांना वाट चुकणे हा प्रकारच आवडत नाही. त्यांच्यासाठी गेमच्या माहितीत पहिल्याच ओळीत लिहा की या गेममध्ये नकाशा नाही. ती ओळ वाचूनही जो विकत घेईल, त्याच्याशी तुमचा करार स्वच्छ असेल.

प्रश्न : एका मालिकेचे तीन गेम मी शंभराहून अधिक तास खेळले आणि शेवट पाहून अक्षरशः फसवल्यासारखे वाटले. कादंबरीचा शेवट आवडला नाही म्हणून वाचक लेखकाकडे तो बदलून मागत नाही. मग गेमचा शेवट बदलून मागण्याचा हक्क आम्हाला आहे का?

उत्तर : मागण्याचा हक्क तुम्हाला नेहमीच आहे. मिळण्याचा हक्क मात्र शेवट आवडला की नाही यावर ठरत नाही. निर्मात्याने तुम्हाला काय कबूल केले होते यावर ठरतो. अपेक्षा दोन प्रकारच्या असतात. एक आपण घरून घेऊन येतो, आणि दुसरी निर्माता स्वतः आपल्या मनात पेरतो. पहिली मोडण्याचे स्वातंत्र्य त्याला असले पाहिजे, नाही तर नवे काही घडणारच नाही. दुसरी त्याच्या डोक्यावरचे देणे असते.

मास इफेक्ट ३ चे उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर असावे, असा माझा अंदाज आहे. २०१२ च्या मार्चमध्ये तो आला तेव्हा त्याच्या शेवटावरून मोठे वादळ उठले. ‘कलाकाराच्या स्वातंत्र्यावर घाला’ विरुद्ध ‘ग्राहकाचा हक्क’ असे त्या वादाचे रूप झाले, आणि मला ते तेव्हाही चुकीचे वाटले. तुमच्या निर्णयांना परिणाम असतील, हे ही मालिका घडवणाऱ्या बायोवेअरने पहिल्या गेमपासून सांगितले होते. एका गेममधले निर्णय पुढच्या गेममध्ये जात होते. शेवट अ, ब किंवा क अशा मोजता येणाऱ्या पर्यायांत बसणार नाही, असेही प्रसिद्धीपूर्वी निर्मात्यांकडून सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात शेवटी मोजके पर्याय समोर आले आणि त्यांची दृश्ये एकमेकांसारखी दिसली. म्हणजे नाराजी ‘शेवट दुःखद आहे’ एवढ्यावर नव्हती. खेळाडू थकबाकी मागत होते. त्याच वर्षी जूनमध्ये बायोवेअरने विस्तारित शेवट विनामूल्य दिला. त्यात मूळ शेवट बदललेला नव्हता. आधीचे पर्याय तसेच ठेवून त्यांचे परिणाम उलगडून दाखवले होते आणि सगळेच पर्याय नाकारण्याची एक नवी वाट जोडली होती. सगळ्यांचे समाधान झाले नाही, परंतु घडवणाऱ्याची बाजू आणि देणे या दोन्हींचा मान राखणारी ती तडजोड होती असे मला वाटते.

कादंबरीशी तुम्ही केलेली तुलना अर्धीच लागू पडते. कादंबरीच्या नायकाचे निर्णय वाचकाने घेतलेले नसतात. गेममध्ये ते घेण्यात तुमचे श्रम गेलेले असतात, आणि गेमचा आकारही न बोलता काही कबूल करत असतो. २००८ च्या फॉलआउट ३ मध्ये मुख्य कथा संपली की खेळ कायमचा संपत असे. कथा म्हणून तो शेवट गंभीर होता. पण मनाला येईल तिकडे भटका, असे सांगणाऱ्या विशाल जगाचे दार अचानक लावून घेतल्यासारखे खेळाडूंना झाले. तो घडवणाऱ्या बेथेस्डाच्या याआधीच्या ओब्लिव्हियन या गेममध्ये कथा संपल्यावरही भटकता येत होते, त्यामुळे ती अपेक्षाही स्टुडिओनेच घडवलेली होती. २००९ च्या मे महिन्यात ब्रोकन स्टील या भरीच्या कथेने ते दार पुन्हा उघडले. इथे खेळाडूंचे म्हणणे योग्य होते, असे मी निःशंकपणे म्हणेन.

प्रश्न : ट्रेलरमध्ये एक दाखवायचे आणि गेममध्ये दुसरेच द्यायचे, याला काही निर्माते कला म्हणतात. ही सरळ फसवणूक नाही का?

उत्तर : वरच्या उत्तरातला माझा नियम इथे अडचणीत येतो, हे आधीच मान्य करतो.

एक टोक सोपे आहे. नो मॅन्स स्काय हा गेम २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला. त्यापूर्वीच्या मुलाखतींतून अशी समजूत झाली होती की त्या अफाट विश्वात दोन खेळाडूंची गाठ पडणे दुर्मीळ असले तरी शक्य आहे. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू एकाच जागी येऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसले नाहीत. यात कलेचा प्रश्न नव्हताच. सांगितलेली वस्तू पेटीत नव्हती. तो घडवणाऱ्या हॅलो गेम्सने नंतर वादविवाद न करता काम केले, एकामागून एक विनामूल्य अपडेट दिले आणि २०१८ च्या जुलैमध्ये खेळाडूंना खऱ्या अर्थाने एकत्र खेळता येईल अशी व्यवस्थाही दिली. देणे फेडण्याची ती पद्धत मला आदर्श वाटते, पण ते देणे होते हे विसरू नये.

दुसरे टोक म्हणजे २००१ चा मेटल गिअर सॉलिड २. जाहिरातींत सर्वत्र स्नेक हा लाडका नायक होता. गेममध्ये पहिला थोडा भाग सरला की रायडन नावाचा नवखा तरुण खेळाडूच्या हाती येतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. जाहिरातींतल्या काही दृश्यांत तर रायडनच्या जागी मुद्दाम स्नेक दाखवला होता. लोक भडकले. परंतु माहितीवर कोणाचा ताबा आहे आणि आपण कोणाच्या सांगण्यावरून नायक होऊ पाहतो, हाच त्या गेमचा विषय होता. खेळाडूची झालेली दिशाभूल कथेचा भाग होती. मी या बाबतीत निर्मात्याच्या बाजूने आहे, आणि वीसेक वर्षांनंतर तसे म्हणणे सोपे झाले आहे, हेही जाणून आहे.

या दोहोंच्या मध्ये कुठेतरी द लास्ट ऑफ अस भाग २ येतो. २०२० मध्ये आलेल्या या गेमच्या एका ट्रेलरमध्ये एका पात्राच्या जागी दुसरेच पात्र दाखवले होते. कथेतला धक्का जपण्यासाठी ते केले, हे उघड आहे. त्या धक्क्यावाचून ती कथा उभी राहिली नसती, हेही मला पटते. तरीही अमुक पात्र सोबत असेल म्हणून कोणी आगाऊ पैसे भरले असतील तर त्याच्या रागाला मी अडाणीपणा म्हणणार नाही. धक्का लपवण्यासाठी गप्प राहणे आणि त्यासाठी खोटे दृश्य तयार करणे या दोन गोष्टींत फरक आहे. मी असतो तर पहिल्यावर थांबलो असतो.

प्रश्न : मी एका मोठ्या स्टुडिओत काम करते. ‘प्रेक्षकांना हे लागते’ असे सांगून वरिष्ठ रोज काही ना काही गेममध्ये घालायला लावतात. प्रेक्षक खरोखरच एवढे मागतात का?

उत्तर : तुमच्या प्रश्नातच उत्तराचा निम्मा भाग आहे. ज्याला आपण प्रेक्षकांची अपेक्षा म्हणतो ती पुष्कळदा प्रकाशकाने प्रेक्षकांविषयी बांधलेली अटकळ असते. स्पेक ऑप्स : द लाइन हा २०१२ चा गेम युद्धखेळातल्या गोळीबाराचा आनंद खेळाडूच्याच घशात अडकवणारा होता, त्याला एकत्र खेळून एकमेकांवर गोळ्या झाडण्याचा विभाग जोडण्यात आला, तोही दुसऱ्या स्टुडिओकडून करवून घेऊन. त्याच्या मुख्य डिझायनरने नंतर त्याबद्दल अतिशय कडवट शब्दांत नाराजी व्यक्त केली. त्या विभागाची आज कोणाला आठवणही नाही; कथेची चर्चा मात्र अजून होते.

मात्र अटकळ नेहमी चुकते, असेही म्हणता येत नाही. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या २००३ च्या गेमचे समीक्षकांनी कौतुक केले, पण खप अपेक्षेएवढा झाला नाही. पुढच्याच वर्षी आलेला दुसरा भाग काळोखा, रक्तबंबाळ आणि कर्कश संगीताचा होता. मूळ मालिकेचे जनक जॉर्डन मेक्नर यांनी ती दिशा आपल्याला आवडली नसल्याचे उघडपणे सांगितले, आणि तरीही तो भाग चांगला खपला. २००५ च्या तिसऱ्या भागात राजपुत्राच्या एकाच देहात दोन व्यक्ती नांदू लागल्या, एक सौम्य आणि एक क्रूर. स्टुडिओतले भांडण नायकाच्या अंगात शिरल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे.

तुम्हाला एवढेच सुचवतो की पुढच्या वेळी ‘प्रेक्षकांना लागते’ असे कानावर आले की कोणत्या प्रेक्षकांना, कोणत्या चाचणीत आणि काय करताना लागले, हे शांतपणे विचारावे. उत्तर मिळाले तर ते ऐकण्याजोगे असेल.

प्रश्न : कठीण गेममध्ये सोपी पातळी दिली तर निर्मात्याची कल्पना पातळ होते का?

उत्तर : काठिण्य कशासाठी योजले आहे, त्यावर ते अवलंबून आहे. २०१८ च्या सेलेस्टमध्ये डोंगर चढण्याचे कष्ट आणि मनातल्या भीतीशी झगडणे यांची सांगड घातली आहे, आणि तरीही त्यात खेळाचा वेग कमी करण्याची किंवा अजिबात न मरण्याची सोय आहे. म्हणून तो गेम कोणाला पातळ वाटला, असे दिसत नाही, कारण प्रत्येकाची चढण वेगळी असते आणि ज्याच्या बोटांना त्रास आहे त्याला निम्म्या वेगातही पूर्ण घाम फुटतो. याउलट २०१९ च्या सेकिरोमध्ये अशी सोय नाही. त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांच्या गेममध्ये सगळ्या खेळाडूंनी एकाच भिंतीवर डोके आपटलेले असणे, हाच त्यांच्यातला दुवा असतो. त्याच वर्षी त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट गेमचा मान मिळाला. म्हणजे नकार देऊनही प्रेक्षक मिळू शकतो.

मला अधिक शिकण्यासारखी वाटतात ती मधली उदाहरणे. डार्केस्ट डंजनने २०१५ मध्ये, अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्यापूर्वीच विक्रीला ठेवलेला असताना, मेलेल्या शत्रूंची प्रेते वाटेत पडून राहतील आणि अतिताणाने आपले वीर हृदयविकाराने मरतील, असे दोन नियम आणले. जुने खेळाडू खवळले. स्टुडिओने नियम कायम ठेवले, आणि ज्यांना नको असतील त्यांना ते बंद करण्याची सोय दिली. पॅथॉलॉजिक २ हा भूक, रोगराई आणि अपुरा वेळ यांचा गेम जवळजवळ असह्य आहे आणि तो तसा असावा, अशीच निर्मात्यांची इच्छा होती. २०१९ मध्ये टीका झाल्यावर त्यांनी काठिण्य कमी-जास्त करण्याची सोय दिली, परंतु आपल्याला अभिप्रेत असलेली पातळी कोणती, हेही खेळाडूला सांगून ठेवले. मला हा मार्ग सर्वांत सुसंस्कृत वाटतो. सतारीची लय कशी असावी हे वादकाने सांगावे. ऐकणाऱ्याने आवाज किती ठेवायचा, ते त्याच्यावर सोडावे.

दिसणे, ऐकू येणे, बटणे बदलता येणे या सोयींचा प्रश्न मी यात धरलेला नाही. अक्षरे मोठी केल्याने कोणाची कलादृष्टी भंगते, असे म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आवडत्या मालिकेचा पुढचा भाग दिसायला एकदम वेगळा निघाला की चाहते तुटून पडतात. निर्मात्याने अशा वेळी माघार घ्यावी का?

उत्तर : निनटेंडोने २००० मध्ये झेल्डा मालिकेतल्या नायकाची एक वास्तवदर्शी झलक दाखवली होती. वर्षभराने प्रत्यक्ष गेमचे रूप दाखवले, तेव्हा तो गोल डोळ्यांचा आणि व्यंगचित्रासारखा निघाला. चाहत्यांनी त्याची खूप टर उडवली. द विंड वेकर हा गेम २००२ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये त्याच रूपात आला. त्यानंतरचा मोठा भाग, २००६ चा ट्वायलाइट प्रिन्सेस, वास्तवदर्शी झाला आणि अमेरिकेतला विंड वेकरचा मंदावलेला खप हे त्याचे एक कारण होते, असे या मालिकेची सूत्रे सांभाळणारे एइजी आओनुमा यांनी पुढे सांगितले. म्हणजे निनटेंडोने हातातला गेम बदलला नाही. बदल पुढच्या गेमसाठी राखून ठेवला. आज त्या काळातले कित्येक वास्तवदर्शी गेम जुनाट दिसतात आणि विंड वेकरचा समुद्र अजून डोळ्यांना सुखावतो, हा काळाने दिलेला निकाल आहे. तो निकाल आधी कोणाला दिसत नसतो, त्यामुळे माघार न घेणाऱ्याच्या शहाणपणाची खात्री देता येत नाही.

डायब्लो ३ ची हकिकत याहून बोलकी आहे. २००८ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा रंग फार भडक आहेत म्हणून चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली. ब्लिझार्डने रंग तसेच ठेवले. २०१२ मध्ये गेम आल्यावर मात्र त्यातल्या लिलावगृहाविरुद्ध तक्रारी सुरू झाल्या. राक्षस मारून शस्त्रे मिळवण्याऐवजी ती लिलावात विकत घेणे सोपे झाले होते. २०१४ च्या मार्चमध्ये ब्लिझार्डने ते लिलावगृह बंद केले, कारण त्यामुळे मूळ खेळच पोखरला जात होता. एकाच स्टुडिओने एक तक्रार नाकारली आणि दुसरी स्वीकारली. दोन्ही वेळा त्यांनी एकच प्रश्न विचारला असावा, असे मला वाटते : आपण ज्यासाठी हा गेम घडवला ते या गोष्टीमुळे टिकते आहे की जाते आहे? आरडाओरडा दोन्ही वेळा मोठाच होता, त्यामुळे त्याच्या मोजमापावरून त्यांना काही ठरवता आले नसते.

प्रश्न : आम्ही अर्ली ॲक्सेसमध्ये गेम विकायचा विचार करत आहोत. अर्धवट गेमचे पैसे देणारे लोक मग मालकासारखे वागतील, अशी भीती वाटते. आणि पहिल्या दिवसाच्या प्रतिक्रिया वाचाव्यात का?

उत्तर : भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. काय उघडे ठेवायचे आणि काय झाकून ठेवायचे, हे विक्रीपूर्वी ठरवा. बाल्डर्स गेट ३ जवळजवळ तीन वर्षे, २०२० च्या ऑक्टोबरपासून २०२३ च्या ऑगस्टपर्यंत, अर्ली ॲक्सेसमध्ये होता आणि त्या काळात लारियन स्टुडिओने खेळाडूंना फक्त पहिला अंक खुला ठेवला होता. हेडीज २०१८ च्या डिसेंबरपासून लोकांच्या हातात होता. त्याच्या कथेचा खरा शेवट मात्र २०२० च्या सप्टेंबरमध्ये पूर्ण आवृत्तीबरोबरच आला. लढाई, शस्त्रे, वेग, पात्रांचे बोलणे यांवर दोन्ही स्टुडिओंनी खेळाडूंचे मनापासून ऐकले आणि कथा कुठे जाणार, हे आपल्याकडे ठेवले. पैसे देणाऱ्याला काय मिळते आहे आणि कशावर त्याचे मत मागितले जात आहे, हे विक्रीच्या पानावर स्पष्ट लिहिले असेल, तर मालकीचे भांडण बरेच कमी होते.

प्रतिक्रियांविषयी : द लास्ट ऑफ अस भाग २ पूर्ण करायला वीस तासांहून अधिक वेळ लागतो, आणि विक्री सुरू होऊन काही तास होतात न होतात तोच समीक्षा आणि गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर हजारो लोकांनी त्याला गुण देऊन टाकले होते. पुढच्याच महिन्यात त्या संकेतस्थळाने गेम प्रसिद्ध झाल्यापासून ३६ तासांपर्यंत वापरकर्त्यांचे गुण न स्वीकारण्याचा नियम केला. तुम्हीही आपल्यासाठी असा एखादा नियम करा. गेम बंद पडतो, सेव्ह केलेला खेळ पुसला जातो, अशा तक्रारी पहिल्या तासापासून वाचा आणि त्याच दिवशी पॅच, म्हणजे दुरुस्ती, द्या. कथा, चित्रशैली आणि शेवट यांवरची मते दोन आठवडे दुसऱ्या कोणाला तरी गोळा करून ठेवायला सांगा. त्यांतून ज्यांनी गेम पूर्ण केला आहे त्यांची पत्रे वेगळी काढा, आणि वाचायला बसाल तेव्हा समोर डेमोच्या वेळची टिपणेही ठेवा, म्हणजे कोणती तक्रार नवी आहे आणि कोणती तुम्ही तेव्हाच ऐकून सोडून दिली होती, हे कळेल.